नोंदवहीतले आडनाव

फिलिपिन्सच्या आल्बाय प्रांतात ओआस नावाचे गाव आहे. तेथील जुन्या घराण्यांची आडनावे बहुतांशी 'र' या एकाच अक्षराने सुरू होतात. हा भाषेचा योगायोग नव्हे. त्यामागे एक सरकारी आदेश आणि एक छापील यादी आहे.

स्पॅनिश येण्यापूर्वी या बेटांवर आडनाव ही वस्तूच नव्हती. पेद्रो चिरिनो या जेझुइट पाद्र्याने १६०४ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात तागालोग लोकांची रीत नोंदवली आहे. मुलाचे नाव आई ठेवी, आणि तेही प्रसंग पाहून. बाळंतपण अवघड गेले तर 'मालिवाग', मूल बलवान निघावे म्हणून 'मालाकास'. पहिले मूल झाले की बाप 'आमानी' म्हणजे 'अमक्याचा बाप' म्हणून ओळखला जाई. नाव पित्याकडून पुत्राकडे नव्हे, तर पुत्राकडून पित्याकडे जात होते. पुढे बाप्तिस्म्याबरोबर संतांची नावे आली, आणि लोकांनी 'दे ला क्रूझ', 'दे लोस सान्तोस' अशी भक्तिपर नावे आपल्या मर्जीने जोडून घेतली. एकाच घरातील भावंडांची नावे त्यामुळे वेगवेगळी असत.

लोकांना यात अडचण वाटत नव्हती. अडचण होती ती राज्ययंत्रणेची. गव्हर्नर-जनरल नार्सिसो क्लावेरिया याने २१ नोव्हेंबर १८४९ रोजी आदेश काढला. न्याय, वसुली आणि सुव्यवस्था यांत गोंधळ होतो, विवाहाच्या वेळी नातेही कळत नाही, ही त्याची कारणे. सुमारे ६१ हजार आडनावांची वर्णानुक्रमे सूची तयार झाली. तिची पाने प्रांतांना आणि तेथून गावांना वाटली गेली. एखाद्या गावाच्या वाट्याला एकाच अक्षराची पाने आली, तर सारे गाव त्याच अक्षराचे झाले. हाच क्लावेरिया १८४४ च्या डिसेंबरची ३१ तारीख रद्द करून फिलिपिन्सचे पंचांग आशियाशी जुळवणारा. दिवस असो वा माणूस, त्याच्या लेखी दोन्ही नोंदवहीत नीट बसले पाहिजेत!

आम्हा अध्यापकांनी या आदेशातील एक कलम विशेष लक्षात घ्यावे. शाळामास्तरांनी मुलांची आडनावे नोंदवून ठेवावीत आणि मुलांनी एकमेकांना त्याच आडनावाने ओळखावे, अशी त्यात ताकीद होती. नवे नाव लोकांच्या जिभेवर रुळवण्याचे काम हजेरीपटाकडे सोपवले गेले.

तरीही 'स्पॅनिशांनी आपली नावे लादली' हे सरधोपट विधान आम्हांला अपुरे वाटते. त्या सूचीत स्पॅनिश आडनावांबरोबर वनस्पती, प्राणी, भूगोल, कला यांचे देशी शब्दही होते. ज्यांना पूर्वीचे आडनाव होते, त्यांना ते राखण्याची मुभा होती. चिनी पूर्वजांची पूर्ण नावे एकत्र होऊन बनलेली 'कोहुआंगको'सारखी आडनावे आजही आहेत. म्हणजे स्पॅनिश आडनावावरून स्पॅनिश रक्त सिद्ध होत नाही. आडनाव कळले की कूळ कळले, ही आपल्याकडची वाचनाची सवय येथे फसते.

होसे रिझाल (१८६१–१८९६) याचे उदाहरण पाहावे. त्याचा चिनी पूर्वज दोमिंगो लाम-को याने 'मेर्कादो' म्हणजे 'बाजार' हे आडनाव घेतले होते. क्लावेरियाच्या आदेशानंतर वडिलांनी 'रिझाल' स्वीकारले, तरी व्यवहारात मेर्कादोच चालू राहिले. १८७२ मध्ये फादर बुर्गोस यांना देहदंड झाला. रिझालचा थोरला भाऊ पासियानो त्यांच्या निकटचा. त्यामुळे 'मेर्कादो' हे नाव संशयास्पद ठरले. त्याच वर्षी धाकटा होसे मनिलाच्या शाळेत गेला तो 'रिझाल' म्हणून. आदेशाने घरात आलेले नाव मुलाला त्याच सत्तेच्या नजरेपासून लपवण्याच्या उपयोगी पडले, आणि पुढे तेच तिच्याविरुद्धच्या लेखनावर झळकले.

म्हणूनच 'नोली मे तान्हेरे' (१८८७) या त्याच्या कादंबरीतील नामरहस्य आम्ही निव्वळ कथानकाची युक्ती मानत नाही. इबार्राची कागदपत्रे चाळताना एलियासला 'एइबार्रामेंदिया' हे नाव आढळते. इबार्राच्या पणजोबाचे हेच मूळ आडनाव, आणि याच माणसाने एलियासच्या कुळाचा नाश केलेला असतो. आडनाव आखूड केले, तरी त्यातला अन्याय आखूड होत नाही. पुढच्या 'एल फिलिबुस्तेरिस्मो'त (१८९१) हाच इबार्रा 'सिमोन' हे नाव धारण करून परततो. नाव बदलणे म्हणजे काय, हे स्वतः दोन नावांच्या मधोमध वाढलेल्या लेखकाइतके कोणाला कळणार?

स्पॅनिश राजवट १८९८ मध्ये संपली, आडनावे राहिली. अमेरिकन काळात आईचे आडनाव शेवटून मधल्या जागी आले, आणि ते आजही तेथे आहे. नाव कोणी दिले हे इतिहास सांगू शकतो. ते कोणाचे झाले हे मात्र ते धारण करणाऱ्यांच्या कर्तृत्वावरून ठरते. साहित्याच्या वाचकाने या दोन प्रश्नांची गल्लत करू नये.