पापनिवेदनाचे मार्गदर्शक ग्रंथ, मध्ययुगीन लॅटिन

धर्मगुरूने पापनिवेदन (गोव्याकडे ‘कुमसार’) कसे ऐकावे, काय विचारावे व कोणते प्रायश्चित्त द्यावे, हे सांगणारी सहाव्या ते पंधराव्या शतकांतील कॅथलिक हस्तलिखिते.

प्रायश्चित्त-संहिता : उगम आयर्लंडच्या मठांत. फिनियन (सहावे शतक) व कमियन (सातवे शतक) यांच्या संहितांत पापागणिक उपवासाची मुदत ठरवून दिलेली आहे. एकाच पापाला पाद्री व प्रापंचिक यांची मुदत बहुधा निराळी. ८२९ च्या पॅरिस धर्मसभेने अशा संहिता जाळण्यास फर्मावले, तरी नकला होतच राहिल्या.

वर्म्सचा बिशप बुर्खार्ड (मृत्यू १०२५) याच्या ‘देक्रेतुम’चा एकोणिसावा भाग ही लांबलचक प्रश्नावलीच आहे. औषधी पाला खुडताना प्रार्थनेऐवजी मंत्र पुटपुटलास काय? दहा दिवस नुसत्या पाव-पाण्यावर. अंगाला मध फासून गव्हात लोळायचे, अंगाला चिकटलेले गहू सूर्याच्या उलट दिशेने जाते फिरवून दळायचे आणि त्याचा पाव नवऱ्याला खाऊ घालायचा, म्हणजे तो खंगतो. असे केलेस काय? चाळीस दिवस. लोकसमजुतींचे अभ्यासक या भागावर तुटून पडतात. मात्र बुर्खार्डने बराच मजकूर जुन्या ग्रंथांतून उचलला असल्याने तो ऱ्हाइनकाठच्या प्रत्यक्ष आचाराचा पुरावा मानताना जपून राहावे.

१२१५ नंतर : चौथ्या लॅटरन धर्मसभेच्या एकविसाव्या नियमाने प्रत्येक सज्ञान ख्रिस्ती व्यक्तीस वर्षातून एकदा तरी पापनिवेदन सक्तीचे केले आणि गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूस पदच्युतीची शिक्षा लावली. त्यापूर्वी सामान्यजन कितपत निवेदन करीत, याविषयी मतभेद आहेत. ठरीव मुदतींचे महत्त्व हळूहळू ओसरले. कोणी, कोठे, का, कोणाच्या साहाय्याने, ही परिस्थिती तोलण्याची जबाबदारी धर्मगुरूवर आली. फ्लॅम्बरोच्या रॉबर्टचा संवादरूप ग्रंथ (सु. १२१०) या संधिकालातला. चोबमचा टॉमस, पेन्याफोर्टचा रेमंड व फ्रायबुर्गचा योहान (१२९८) यांचे संग्रह (‘सुम्मा’) प्रसिद्धच आहेत.

प्रस्तुत नोंदकाराच्या मते खरे मोल लहान पुस्तिकांचे. रॉबर्ट ग्रोसटेस्टच्या ‘तेम्प्लुम देई’त सद्गुण, दुर्गुण व त्यांवरील उपाय तक्त्यांत मांडले आहेत, गावच्या पाद्र्याला पान उघडताच हवे ते सापडावे अशी ती रचना. तिच्या नव्वदहून अधिक प्रती टिकून आहेत. योहानने स्वतःही सुम्मा न पेलणाऱ्यांसाठी छोटी पुस्तिका लिहिली.

निवेदनाची जागा : चर्चमधील उघडी, सर्वांना दिसेल अशी. लाकडी कक्ष सोळाव्या शतकातला.

देशी भाषांतील ग्रंथ : तेराव्या शतकापासून विपुल.

छापील अवस्था : अँजेलो कार्लेत्तीची अकारविल्हे लावलेली ‘सुम्मा अँजेलिका’ १४८६ मध्ये छापली गेली. १० डिसेंबर १५२० रोजी व्हिटेनबर्ग येथे मार्टिन ल्यूथरच्या होळीत पोपच्या आज्ञापत्राबरोबर तीही जाळण्यात आली.