हिरकणीच्या गोष्टीत नसलेली रात्र

हिरकणीची गोष्ट आपल्याला शाळेतच पाठ होते. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सांज होताच बंद झालेले दरवाजे, खाली घरात एकटं तान्हं बाळ, आणि अंधारात सरळसोट कडा उतरून गेलेली आई. महाराजांनी त्या कड्यावर बुरूज बांधला. ही दंतकथा आहे, पण बुरूज आहे, पायथ्याला हिरकणीवाडी आहे, 2019मध्ये सिनेमाही आला. महाड तालुक्याची सगळ्यात प्रसिद्ध आई म्हणजे हिरकणी.

या गोष्टीत मला एक गाळलेली जागा दिसते. बाळ तान्हं आहे, म्हणजे काही आठवड्यांपूर्वी, कड्याखालच्या त्याच झोपडीत, ही बाई बाळंत झाली असणार. किती तास कळा दिल्या? सोबत कोण होतं? नाळ कशाने कापली? कडा उतरण्यापेक्षा ती रात्र सोपी होती असं समजायला काहीच आधार नाही. तरी त्यावर कुणी बुरूज बांधला नाही.

गवळणीचं सोडा, राजघराण्यातही तेच. 1670मध्ये राजगडावर राजारामांचा जन्म झाला. बखर सांगते की मूल पालथं उपजलं, लोकांनी अपशकुन मानला, आणि महाराज म्हणाले, हा दिल्लीची पातशाही पालथी घालील. उत्तर झकास आहे, म्हणूनच साडेतीनशे वर्षं टिकलंय. पण सोयराबाईंचं त्या रात्री काय झालं, यावर बखरीत ओळ नाही. लोकसमजुतींचंही तसंच. पायांकडून जन्मलेल्या पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, वीज त्याच्यावर पडते, असं आपल्याकडे सांगतात. सगळे समज मुलाबद्दल. मूल पायांकडून येताना आईवर काय बेतलं असेल, याबद्दल एकही समज माझ्या कानावर आलेला नाही.

लिहिलं गेलं नाही, पण भाषेत मात्र बरंच उरलंय. पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या बाईसाठी मराठीत स्वतंत्र शब्द आहे: पहिलटकरीण. पाणमोट फुटणं, कळा देणं, बाई अडणं, वार पडणं, हे शब्द पुस्तकात बसून कुणी बनवलेले नाहीत, ते बाजेजवळ बसलेल्या बायकांचे आहेत. ‘नऊ महिने नऊ दिवस’ हा हिशोबही त्यांचाच. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, आकडा दिसला की ताडून बघायची खोड आहे. तीस दिवसांचा महिना धरला तर होतात 279. डॉक्टर आजही तारीख काढतात ती नेगले या जर्मन डॉक्टरच्या एकोणिसाव्या शतकातल्या नियमाने, शेवटच्या पाळीपासून 280. एका दिवसाचा फरक! तसंही नेमक्या त्या तारखेला शंभरातली चार-पाचच बाळं येतात. अ‍ॅपमध्ये ड्यू डेटला गोल करून बसलेल्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आता पहिलटकरणीचं वेगळेपण. गर्भाशयाचं तोंड आधी पातळ व्हावं लागतं आणि मग दहा सेंटिमीटरपर्यंत उघडावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला या दोन्ही गोष्टी बऱ्याचदा बरोबरच होतात. पहिल्या वेळी आधी एक, मग दुसरी. म्हणून पहिलं बाळंतपण लांबतं. शिवाय सुरुवातीच्या कळा येतात, जातात, पुन्हा येतात. या खऱ्या की खोट्या, हे जिला आधी कधी आल्याच नाहीत तिने कसं सांगायचं? पोट बिघडलं असेल, जड उचललं म्हणून पाठ दुखत असेल, असं म्हणत अर्धा दिवस जातो. खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, ते अंतर कमी होत जातं, चाललं-फिरलं तरी थांबत नाहीत. हे ओळखणं सुईणीचं काम होतं. ती पोटावर हात ठेवून बसायची.

सुईण कोण असायची, हा प्रश्न महाडमध्ये विचारला की तो थेट चवदार तळ्यापाशी जातो. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत सुईणपण मांग किंवा न्हावी समाजातल्या बायकांकडे असे. विटाळाच्या हिशोबात बाळंतपण अशुद्ध, म्हणून रक्त, वार, नाळ हे सगळं जातीच्या उतरंडीत खाली ढकललेल्या हातांकडे. सोयर संपला, बाळंतिणीला न्हाऊ घातलं, की तेच हात पुन्हा उंबऱ्याबाहेर. 20 मार्च 1927ला डॉ. आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्यायले आणि नंतर सवर्णांनी ते तळं गोमूत्र-शेणाने ‘शुद्ध’ करून घेतलं. अशा गावोगावच्या घरांमध्ये जगात आल्यावर पहिला स्पर्श ज्या हातांचा झाला, त्या हातांच्या जातीला पाणी नाही, असं हे गणित होतं. त्यातली विसंगती दिसायला इंजिनिअरिंग लागत नाही.

आणखी एक तारीख त्याच्या शेजारी ठेवून बघा. महाडच्या सत्याग्रहाआधी आठ महिने, जुलै 1926मध्ये, बाबासाहेब आणि रमाबाईंचा राजरत्न हा मुलगा गेला. पाच मुलांपैकी यशवंत एकटे जगले. रमाबाईंच्या वाट्याला आलेली बाळंतपणं आणि मरणं यांच्याबद्दल आपण ‘त्याग’ हा एकच शब्द वापरून पुढे जातो. 1928मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार बायकांना बाळंतपणाचा लाभ देण्याचं विधेयक आलं तेव्हा आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचं हित आहे, आणि त्याचा बोजा सरकारनेही उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1929मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला, भारतातला असा पहिला. तो कारखान्यातल्या बायकांसाठी होता. पोलादपूरच्या डोंगरात नाचणीच्या शेतात राबणारी बाई त्यात बसत नव्हती. तिचा नवरा मुंबईच्या गिरणीत असला तरी नव्हती.

सुईणीला फार सोनेरी चौकटीतही बसवायला नको. नाळ विळ्याने कापली जायची, आणि विळ्याबरोबर धनुर्वात यायचा. नवजात बाळाचा धनुर्वात साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात दिसतो. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन नशीब लिहिते, म्हणून घर जागं ठेवायचं, ही रीत नेमकी त्याच दिवसांत यावी हा मला तरी योगायोग वाटत नाही. लोकांनी धोक्याची वेळ बरोबर हेरली होती, कारण तेवढं हेरलं नव्हतं. भारतातून आई आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं ते 2015मध्ये.

डॉक्टरांचे हातही काही जन्मतः स्वच्छ नव्हते. 1847मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइसला दिसलं की डॉक्टरांच्या वॉर्डात सुईणींच्या वॉर्डापेक्षा जास्त बाळंतिणी तापाने मरतात. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे यायचे. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, मृत्यू घटले, आणि सहकाऱ्यांनी त्यालाच वेड्यात काढलं.

आपल्याकडे ज्या पहिलटकरणीचं नाव इतिहासात नक्की आहे ती म्हणजे आनंदीबाई जोशी. 1865चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मुलगा, आणि दहा दिवसांत तो गेला. पुढचं सगळ्यांना माहीत असतं: अमेरिका, 1886मध्ये फिलाडेल्फियाहून पदवी, 26 फेब्रुवारी 1887ला वयाच्या एकविसाव्या वर्षी मृत्यू. त्यांच्या प्रबंधाचा विषय मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहतो. तो होता हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र. जगभरचे विषय पडले असताना ही मुलगी बाळंतपणावर लिहिते. चौदाव्या वर्षीच्या त्या दहा दिवसांशी त्याचा संबंध नसेल, असं मानायला मी तयार नाही.

विज्ञानाने पहिलटकरणीकडे आकडे घेऊन पाहिलं ते बरंच उशिरा. 1955मध्ये न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमनने 500 पहिलटकरणींच्या कळांचा आलेख काढला: आडवे तास, उभे सेंटिमीटर. 1972मध्ये तेव्हाच्या ऱ्होडेशियात फिलपॉट आणि कासल यांनी त्या आलेखावर दोन तिरप्या रेषा मारल्या. पहिली सावध करणारी. तिच्यापुढे चार तासांवर दुसरी, आता काहीतरी करायलाच हवं असं सांगणारी. मधले चार तास कशासाठी? छोट्या दवाखान्यातून बाईला मोठ्या दवाखान्यात हलवण्यासाठी. आरोग्याच्या सगळ्या इतिहासातली ही माझी आवडती रचना आहे, कारण तिच्यात रस्ता धरलेला आहे. पुढे संशोधनाने या रेषा फार कडक असल्याचं दाखवलं. 2018पासून जागतिक आरोग्य संघटना म्हणते की तासाला एक सेंटिमीटर हा नियम प्रत्येकीला लावू नका, पाच सेंटिमीटरनंतर पहिलटकरणीला बारा तासही लागू शकतात.

पण रस्ता धरणं हे पोलादपूरसाठी अगदी खरं आहे. कुडपणसारखं गाव डोंगरावर, पोलादपूर खाली. महाड त्याच्या पुढे, आणि अवघड केस असेल तर महाडच्याही पुढे. वाडीपर्यंत गाडी येत नाही तिथे डोली: बांबूला बांधलेली चादर किंवा खुर्ची, चार खांदे, आणि पावसात शेवाळलेली पायवाट. 1994मध्ये थेडियस आणि मेन या दोन संशोधक बायकांनी बाळंतिणी का मरतात याचं उत्तर तीन उशिरांत मांडलं. जायचं ठरवायला उशीर, पोहोचायला उशीर, पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. पहिलटकरणीचं बाळंतपण लांबतं, म्हणजे खरं तर तिच्याकडे वेळ असतो. तोच वेळ पहिल्या उशिरात खर्च होतो. कळा खऱ्या का? रात्री कशाला, सकाळी बघू. सासरे आले की ठरवू.

त्यात पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. मायेची रीत आहे, आईच्या हाताखाली पोरगी निर्धास्त असते. पण महाड-पोलादपूर हा मुंबईला माणसं पुरवणारा मुलूख. परळ-लालबागला नांदणारी मुलगी सातव्या महिन्यात डोहाळजेवण आटोपून माहेरी यायची, म्हणजे भोईवाड्यातलं 1926 सालचं वाडिया प्रसूतिगृह मागे टाकून सावित्रीच्या खोऱ्यातल्या वाडीत. नकाशावर पाहिलं तर मायेने तिला दवाखान्यापासून दूर आणलेलं असायचं.

आणि पाऊस. जुलै 2005मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई इथे दरडी कोसळल्या. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटी बसगाड्यांसकट वाहून गेला. 22 जुलै 2021ला तळियेवर डोंगर आला, 80हून अधिक माणसं गेली. पोलादपूरकडे केवनाळे, सुतारवाडीवर दरडी आल्या, महाड शहर पाण्याखाली होतं. कळा हवामान खात्याला विचारून येत नाहीत. अशा आठवड्यात दिवस भरलेली बाई प्रत्येक डोंगरवाडीत एखादी तरी असणारच.

तरीही मधल्या वीस वर्षांत झालेला बदल मोठा आहे. 2005मध्ये जननी सुरक्षा योजना आली, त्याच सुमाराला गावोगावी आशाताई आल्या, 2014मध्ये 108 रुग्णवाहिका सुरू झाली. 2005-06च्या पाहणीत महाराष्ट्रातली सुमारे 65 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली होती, 2019-21च्या पाहणीत जवळपास 95 टक्के. 2001-03मध्ये राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे 149 माता दगावत होत्या, 2018-20मध्ये 33. जी जगली तिचं नाव कोणत्याच यादीत येत नाही, त्यामुळे या यशाला चेहरा नाही. आशाताई मात्र दिसते. आठव्या महिन्यापासून घरी चकरा मारणारी, गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवणारी, पाऊस लागायच्या आत पोरीला खाली पोलादपुरात नातेवाइकाकडे आणून ठेवा म्हणून सासूशी भांडणारी. पहिला उशीर ती अंगावर घेते.

या बदलात एक गोष्ट मात्र हातून सुटली. सुईणीची कामं दोन होती. एक बाळंतपण करणं. ते दवाखान्याने घेतलं, आणि घेतलं हे उत्तमच झालं. दुसरं काम रात्रभर शेजारी बसणं: पाठ चोळणं, घोट घोट पाणी देणं, अजून किती वेळ याला दरवेळी ‘आता थोडंच’ असं खोटं उत्तर देणं. ते काम कुणाकडेच सोपवलं गेलं नाही. गर्दीच्या वॉर्डात पहिलटकरीण आत जाते आणि दार बंद होतं. ओरडली तर दरडावणं ऐकते. सोबतीचा उपयोग ही निव्वळ भावनेची गोष्ट नाही. 26 अभ्यासांतल्या 15 हजारांहून अधिक बायकांची माहिती एकत्र केली तेव्हा दिसलं की कळांच्या काळात सतत कुणी सोबत असेल तर सिझेरियन कमी होतात आणि कळांचा काळही थोडा घटतो. केंद्र सरकारने 2016मध्ये सरकारी दवाखान्यांत सोबतीणीला परवानगी दिली आहे. स्वतः बाळंत झालेली, संसर्गाचा आजार नसलेली, स्वच्छ कपड्यांतली बाई आत बसू शकते.

कागदावर हे आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी खोलीत दोन बाजांमध्ये पडदा नसतो, मग दुसरीची आई आत कशी घ्यायची? म्हणून ती बाहेर बाकावर बसते. मांडीवर पिशवी, पिशवीत थर्मास आणि जुन्या सुती लुगड्याचे, दोनदा धुऊन मऊ केलेले चौकोनी तुकडे. दार किलकिलं झालं की उठते. नर्स दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घेते. ती पुन्हा बसते.