त्वक्काठिण्य, स्थानिक

त्वचेच्या मर्यादित भागात कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा अतिरिक्त संचय होऊन ती जाड, कठीण व विवर्ण होण्याच्या विकारास स्थानिक त्वक्काठिण्य किंवा मॉर्फिया म्हणतात. आरंभी तांबूस वा जांभळट चट्टा उमटतो. पुढे त्याचा मध्यभाग हस्तिदंतासारखा पांढरट व चकचकीत होतो आणि अखेरीस बहुधा तपकिरी डाग उरतो. हा विकार संसर्गजन्य नाही. परंतु त्याचे नाव दीर्घकाळ कुष्ठरोगाशी जोडलेले होते.

अरबी वैद्यक ग्रंथांच्या मध्ययुगीन लॅटिन भाषांतरांत ‘मॉर्फिया’ ही संज्ञा त्वचेवरील पांढऱ्या व काळ्या डागांना उद्देशून येते. अशा डागांचा विचार कुष्ठरोगाच्या अनुषंगाने होत असे. कठीण झालेल्या त्वचेचे सविस्तर वर्णन नेपल्स येथील कार्लो कुर्त्स्यो यांनी १७५३ मध्ये प्रसिद्ध केले. बॉर्दो येथील एली झँत्राक यांनी १८४७ मध्ये ‘स्क्लेरोडर्मी’ (त्वक्काठिण्य) ही संज्ञा योजिली. १८५४ मध्ये लंडन येथील टॉमस ॲडिसन यांनी स्थानिक कठीण चट्ट्यांचे वर्णन केले. मात्र त्यांना ‘खरे केलॉइड’ म्हटले. एरॅझ्मस विल्सन यांनी तशाच चट्ट्यांस मॉर्फिया हे जुने नाव देऊन त्यांची गणना कुष्ठरोगाच्या गटात केली. १८६८ मध्ये चार्ल्स हिल्टन फॅग यांनी ॲडिसन यांचे केलॉइड व मॉर्फिया एकच असून त्यांचे त्वक्काठिण्याशी नाते आहे, असे प्रतिपादन केले.

नॉर्वेतील जी. एच. ए. हान्सेन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचे जंतू शोधून काढले आणि त्या रोगाच्या निदानास निश्चित आधार मिळू लागला. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात सामान्यतः संवेदना कमी होते; मॉर्फियात ती बहुधा टिकून राहते, परंतु त्वचा ताठर होते. कुष्ठरोगाचे रुग्ण आजही आढळणाऱ्या भारतात हा भेद विशेष महत्त्वाचा आहे, कारण चुकीच्या निदानाने अनाठायी औषधोपचाराबरोबर सामाजिक कलंकही पदरी येतो.

दुसरा भेद अंतर्गत इंद्रियांविषयीचा आहे. त्वक्काठिण्याच्या सार्वदेहिक प्रकारात फुप्फुसे, अन्ननलिका इत्यादींनाही बाधा होते, ही गोष्ट आर. एच. गोएट्झ यांनी १९४५ मध्ये सुचविलेल्या नव्या संज्ञेतून स्पष्ट झाली. मॉर्फियाचे रूपांतर त्या प्रकारात सहसा होत नाही.

अमेरिकेतील ऑल्मस्टेड परगण्यात १९६०–९३ या काळात दर लाख लोकसंख्येमागे प्रतिवर्षी सु. २.७ नवे रुग्ण आढळले. स्त्रियांत हा विकार अधिक होतो. निश्चित कारण अज्ञात असले, तरी प्रतिरक्षा यंत्रणेतील बिघाड महत्त्वाचा मानला जातो. मुलांमधील रेषाकार प्रकार सांध्यांवरून गेल्यास हालचाल खुंटते व अवयवाची वाढ कमी होते. म्हणून त्वरित निदान आवश्यक असते. सौम्य चट्ट्यांवर स्टेरॉइड मलमे व जंबुपार किरण, तर गंभीर प्रकारांत मेथोट्रेक्सेट वापरतात. अनेक चट्टे काही वर्षांत आपोआप मऊ होतात.