डॅशबोर्डखाली दडवलेली किल्ली

कारखान्यातूनच कीलेस एंट्री घेऊन आलेल्या गाडीला नंतर रिमोट स्टार्टर बसवायचा, तर इंजिन फिरवणं हा त्यातला सोपा भाग असतो. योग्य वायरींना योग्य क्रमाने बारा व्होल्ट दिले की सेल्फ फिरतो. कसोटी लागते ती पुढे. आत कोणी बसलेलं नाही, किल्ली घरात आहे, तरीही आपला मालकच आपल्याला सुरू करतोय हे गाडीला पटवून द्यावं लागतं. ही अडचण एका पिढीत तयार झालेली नाही. गाडी सुरू करणं सोपं करायला निघालेली माणसं आणि परक्याला ते जमूच नये म्हणून झटणारी माणसं, अशा दोन परंपरा वेगवेगळ्या वाढल्या. रिमोट स्टार्टरमध्ये त्या एकमेकींना आडव्या आल्या.

पहिली परंपरा हँडलपासूनची. रेडिएटरखालच्या भोकात लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवायचं. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे. म्हणून हँडल धरताना अंगठ्याचा वेढा घालायचा नाही, तो बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे नवशिक्याला आधी शिकवत. आपल्याकडे फियाट आणि अँबॅसडरच्या डिकीत हे हँडल पुढेही कित्येक वर्षं असे, आणि बॅटरी उतरली की बाहेर निघे.

त्यावर तोडगा काढला ओहायोतल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंगने. तो आधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता आणि तिथे त्याने दुकानातल्या गल्ल्याचं यंत्र विजेवर चालवलं होतं. गल्ल्याच्या मोटरला दिवसभर फिरायचं नसतं, क्षणभर जोर लावून थांबायचं असतं. त्यामुळे लहानशा मोटरकडून तेवढ्या वेळापुरतं तिच्या कुवतीपेक्षा जास्त काम काढून घेता येतं. इंजिनालाही सुरुवातीला तेवढाच धक्का पुरतो, हे त्याने ओळखलं. सतत चालणाऱ्या मोटरचा हिशेब मांडला असता, तर गाडीत न मावणारी मोटर लागली असती. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा सेल्फ स्टार्टर आला. फोर्डच्या मॉडेल टीला तो मिळायला 1919 उजाडलं. 1949 मध्ये क्रायसलरने किल्ली फिरवताच सेल्फ लागेल अशी सोय केली, आणि स्टार्टरचं वेगळं बटण दाबायचं कारण उरलं नाही.

पण थंडी होतीच. कॅनडातल्या विनिपेगमध्ये जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान उणे 20 अंशांच्याही खाली जातं. अशा सकाळी इंजिनातलं तेल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं, आणि नेमका जास्त जोर हवा असतो तेव्हाच बॅटरी मलूल पडते. शेजारच्या अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात अँड्र्यू फ्रीमन याने इंजिन रात्रभर कोमट ठेवणारा विजेचा हीटर बनवला. त्याचं पेटंट 1949 चं. विनिपेगच्या वाहनतळांवर गाडीशेजारी विजेचे सॉकेट दिसतात ते अशाच हीटरांसाठी. रिमोट स्टार्टर रुजला तो याच पट्ट्यात. काचेवरचा बर्फ खरवडण्याआधी स्वयंपाकघरातूनच इंजिन चालू करायचं, ही तिथे चैन नव्हती. सुरुवातीला हे काम कार ऑडिओ आणि अलार्म बसवणारी दुकानंच करत. कारखान्यातून ही सोय देण्याची सुरुवात जनरल मोटर्सने 2004 च्या शेव्हरोले मालिबूपासून केली.

दुसरी परंपरा कुलपांची. 1969 च्या सुमारास अमेरिकी गाड्यांत किल्ली काढली की स्टिअरिंग अडकू लागलं. 1986 च्या कॉर्व्हेटच्या किल्लीत एक छोटा रेझिस्टर बसवलेला होता. त्याचं मूल्य जुळलं नाही तर धातूचे दात जुळूनही गाडी सुरू होत नसे. मग चिपची किल्ली आली. चिपला बॅटरी नसते. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं कडं असतं, त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून चिप वीज घेते आणि आपली ओळख सांगते. ती पटली तरच इंजिन चालू राहतं. हाच इमोबिलायझर. युरोपने तो 1998 पासून नव्या मोटारींना सक्तीचा केला, कॅनडाने 2007 पासून. अमेरिकेने सक्ती केलीच नाही. इमोबिलायझर नसलेल्या ह्युंदाई आणि किआ गाड्या 2021 नंतर तिथे सर्रास चोरीला जाऊ लागल्या, तेव्हा त्या ढिलाईची किंमत उघड झाली. दरम्यान 1982 च्या रेनो फ्युएगोने लांबूनच दार उघडणारा रिमोट आणला होता, आणि 1998 च्या सुमारास मर्सिडीझच्या एस क्लासमध्ये किल्ली खिशातून काढण्याचीही गरज संपली.

आता बसवणाऱ्याची पंचाईत अशी, की त्याने इंजिन फिरवलं तरी चिप जवळ नसेल तर ते बंद पडणार. यावरची युक्ती मला या साऱ्या इतिहासातली सगळ्यात बोलकी वाटते. मालकाकडून दुसरी अस्सल किल्ली मागून घ्यायची, एका प्लास्टिकच्या डबीत घालायची, डबीभोवती तारेचे वेढे द्यायचे आणि ती डॅशबोर्डखाली बांधून टाकायची. त्याच तारेचं दुसरं टोक इग्निशनच्या कड्याभोवती गुंडाळायचं. रिमोट दाबला की एक रिले ते वेटोळं जोडतो, आणि लांब पडलेली चिप कुलपाशीच असल्यासारखी गाडीला भासते.

2011 मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या फ्रान्सिलॉन, दानेव्ह आणि चॅपकुन या संशोधकांनी खिशात राहणाऱ्या किल्लीवरचा निबंध मांडला. एक वेटोळं गाडीच्या दाराशी, दुसरं मालकाच्या खिशाजवळ, मध्ये वायर किंवा रेडिओ. एवढ्यावर गाड्या उघडल्या आणि सुरूही झाल्या. आठ कंपन्यांची दहा मॉडेल्स त्यांनी तपासली, सगळी फसली. कोडची फोड त्यांना करावी लागली नाही, त्यांनी फक्त अंतर लपवलं. दुकानदाराने मालकाच्या संमतीने जे केलं होतं, तेच इथे चोराला उपलब्ध झालं. जवळ असणं म्हणजेच मालक असणं, ही कीलेस गाडीची मूळ समजूतच कच्ची होती, आणि डबीतली किल्ली ते आधीपासून सांगत होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आज डबी मागे पडली आहे. गाडीतले संगणक कॅन बस नावाच्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात, आणि बाहेरून लावलेलं डेटा मॉड्यूल तीच भाषा बोलतं. कारखान्याच्याच रिमोटवर लॉकचं बटण तीनदा दाबलं की मॉड्यूल तो इशारा ओळखतं आणि इंजिन सुरू करून घेतं. वेगळा रिमोट बाळगावा लागत नाही. तरी कोणी अजून डबीचाच मार्ग सुचवत असेल, तर नकार द्यावा. ज्या गाडीत तिची स्वतःची किल्ली कायम पडून आहे, तिच्या इमोबिलायझरला अर्थ राहत नाही.

काही धोके मात्र मॉड्यूलनेही जात नाहीत. एडमंटन किंवा मिनेसोटात राहणारा मराठी माणूस बहुधा ऑटोमॅटिक गाडी चालवतो. आपल्याकडे अजून मोठा भरणा गिअरवाल्यांचा आहे, आणि चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून लावायची आपली सवय. अशी गाडी दुरून सुरू केली तर ती पुढे उडी घेईल. न्यूट्रल तपासल्याशिवाय तिला स्टार्टर लावूच नये. बंद गॅरेजमध्ये धूर साठतो. किल्ली खिशात घेऊन घरात गेलेले लोक इंजिन बंद करायचं विसरले आणि कार्बन मोनॉक्साइडने दगावले, असे दोन डझनांहून अधिक मृत्यू न्यूयॉर्क टाइम्सने 2018 मध्ये नोंदवले होते. म्हणून रिमोटने सुरू झालेलं इंजिन ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद पडतं की नाही, हे पैसे देण्याआधी समोर करून दाखवायला सांगावं. आणि बॉनेट उघडं असताना सेल्फ लागू नये यासाठीचा पिन-स्विच बसवलाय का, तेही पाहावं. काम उरकणारे तोच वगळतात, आणि त्यापायी पट्ट्याजवळ हात घालून काम करणाऱ्या मेकॅनिकची बोटं जाऊ शकतात.