वन्य सस्तन प्राणी-निरीक्षण (नाशिक जिल्हा)

विद्यार्थ्यांनी रानात प्रत्यक्ष हिंडून सस्तन प्राण्यांची व त्यांच्या खुणांची ओळख करून घेण्याचा निसर्गशिक्षणाचा उपक्रम.

भारतात अशा अभ्यासाला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (स्थापना १८८३) चालना दिली. एस. एच. प्रेटर यांचा भारतीय सस्तन प्राण्यांवरील ग्रंथ तिने १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. नाशिककरांच्या आवाक्यातील क्षेत्रे म्हणजे काळविटांचे ममदापूर (ता. येवला) व बोरगड, ही दोन्ही संवर्धन राखीव क्षेत्रे आहेत. निफाड-सिन्नरच्या उसात बिबट्याचा वावर असला, तरी तेथे मुलांना नेणे इष्ट नाही.

बहुतेक सस्तन प्राणी निशाचर असल्याने दर्शन क्वचितच घडते. भर मागावर असतो. ओल्या मातीतील बिबट्याच्या ठशात चार बोटे उमटतात, नखे उमटत नाहीत. कोल्हा, लांडगा व तरस यांची नखे आत ओढली जात नसल्याने ठशात दिसतात. हाडे खाल्ल्यामुळे तरसाची विष्ठा वाळल्यावर पांढरी पडते. काळवीट ठरावीक जागी लेंड्या टाकत असल्याने तेथे ढीग साचतात. गळून पडलेला काळा-पांढरा काटा साळिंदराचा (पहा : कृंतक गण). ठशाशेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घेतात. तारीख, वेळ व अधिवास वहीत नोंदवतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभागाच्या पाणवठ्यांवरील गणनेत प्रौढ स्वयंसेवकांनाही घेतात (पहा : प्राणिगणना).

मानव-बिबट संघर्षाच्या जिल्ह्यात या ओळखीचा उपयोग थेट आहे : कुत्र्याचा ठसा बिबट्याचा समजून उठणारी अफवा थांबते. राखीव क्षेत्रात जाण्याआधी वन विभागाला कळवावे. काळवीट व बिबट्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत.