कुणाच्या मनःशांतीसाठी?

आजाराचा इतिहास बहुधा शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे यांच्या इतिहासाच्या रूपात सांगितला जातो. रुग्णाशी कोण काय बोलले आणि काय बोलायचे टाळले, याची नोंद त्यात क्वचितच असते. कर्करोगाच्या रुग्णाला मानसिक व सामाजिक आधार हवा, हे आज कुणी नाकारणार नाही. परंतु आधार द्यायचा तर आधी आजाराचे नाव उच्चारावे लागते, आणि हे नावच दीर्घकाळ रुग्णापासून दूर ठेवले गेले.

अमेरिकेत १९६१ साली डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोतील एका रुग्णालयातील २१९ डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी सुमारे नव्वद टक्के डॉक्टर रुग्णाला निदान न सांगणेच पसंत करीत होते. या पसंतीमागे पद्धतशीर अनुभवापेक्षा डॉक्टरांच्या स्वतःच्या भावनाच अधिक होत्या, असे ओकेन यांना आढळले. तीच प्रश्नावली वापरून केलेली दुसरी पाहणी १९७९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ९७ टक्के डॉक्टरांचा कल निदान सांगण्याकडे होता. अवघ्या अठरा वर्षांत मौनाचा शिष्टाचार उलटा झाला.

या मौनाच्या काळातच रुग्णांनी रुग्णांना आधार देण्याची एक चळवळ उभी राहिली होती. टेरीझ लॅसर यांच्यावर १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्या काळी स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतील गाठीही काढून टाकीत. नंतर हात वर कसा करायचा, कपडे कसे घालायचे, हे सांगणारे कुणी नव्हते. लॅसर यांनी 'रीच टू रिकव्हरी' हा उपक्रम सुरू केला. स्वतः या शस्त्रक्रियेतून गेलेली स्त्री नव्या रुग्णाच्या खाटेपाशी येई. हाताच्या व्यायामासाठी रबरी चेंडू व दोरी आणि पोलक्यात घालायचे तात्पुरते कृत्रिम स्तन ती सोबत आणी. १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हा उपक्रम आपल्या छत्राखाली घेतला. मात्र भेटीसाठी शल्यविशारदाची परवानगी लागे आणि वैद्यकीय बाबींवर बोलायचे नाही, असा नियम होता. आधार होता, पण त्याची हद्द दुसऱ्यांनी आखलेली होती.

ही हद्द कुणाच्या सोयीची होती, हा प्रश्न कवयित्री ऑड्रे लॉर्ड यांनी 'द कॅन्सर जर्नल्स' (१९८०) या पुस्तकात विचारला. १९७८ साली त्यांचा एक स्तन काढावा लागला. रुग्णालयात त्यांना भेटायला आलेल्या स्वयंसेविकेच्या सद्भावनेबद्दल त्यांना शंका नव्हती. पण तिने आणलेला लोकरीचा कृत्रिम स्तन फिकट गुलाबी होता, आणि लॉर्ड कृष्णवर्णीय होत्या. पुढे तपासणीसाठी त्या कृत्रिम स्तन न लावता गेल्या, तेव्हा तेथील परिचारिकेने त्यांना टोकले. दवाखान्याच्या मनोबलाला ते बरे नव्हते म्हणे! लॉर्ड यांचा युक्तिवाद असा, की जखम झाकल्याने इतरांना हायसे वाटते, पण त्याच जखमा असलेल्या स्त्रिया एकमेकींना ओळखू शकत नाहीत. दोनच वर्षांपूर्वी सूझन सोंटॅग यांनी 'इलनेस ॲज मेटाफर'मध्ये कर्करोगाभोवतीच्या रूपकांवर टीका केली होती, मात्र स्वतःच्या कर्करोगाचा त्यात उल्लेखही न करता. लॉर्ड यांनी नेमके उलट केले. साहित्याच्या अभ्यासकांनी ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, असे आम्हांस वाटते.

दरम्यान आधाराला वैद्यकशास्त्रात जागा मिळू लागली. १९७७ साली जिमी हॉलंड यांच्या नेतृत्वाखाली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंगमध्ये कर्करुग्णांसाठी मानसोपचार सेवा सुरू झाली. पण या जागेचे भाडेही मागितले गेले. १९८९ साली डेव्हिड स्पीगल यांनी ८६ स्त्रियांच्या अभ्यासातून असे मांडले, की गटात बसून मन मोकळे करणाऱ्या रुग्ण सरासरी दुपटीच्या आसपास जगल्या. आशा वाढली. पुढे २००१ साली २३५ स्त्रियांच्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. २००७ साली स्पीगल यांच्या स्वतःच्या पुनरभ्यासातही एकंदरीत ते दिसले नाही. मात्र २००१च्या अभ्यासात, आधीच खचलेल्या स्त्रियांचे मन सावरले आणि वेदनेची जाणीव कमी झाली, असे आढळले. एवढे पुरेसे नाही काय? आयुष्य वाढवले तरच सोबतीला किंमत, असे मानले की आजार बळावलेल्या रुग्णाच्या माथी आणखी एक दोष येतो: मनाने खंबीर न राहिल्याचा.

आपल्याकडे या इतिहासाला निराळे वळण आहे. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. दूरदूरच्या गावांतून येणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न असतो तो उपचार चालू असेतो राहायचे कुठे, हा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशांना आसरा देत आली आहे. मानसशास्त्राच्या परिभाषेत न बसणारा, तरी अस्सल असा हा आधार आहे. १९८६ साली वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झाले आणि बरे न होऊ शकणाऱ्यांसाठीही जागा असते, हे या शहरात प्रत्यक्ष दिसले.

पण मौनाचे काय? आपल्या अनेक घरांत निदान आधी मुलाला किंवा नवऱ्याला कळते आणि "तिला सांगू नका" असे बाहेरच ठरते. त्यामागे माया असते, हे आम्ही नाकारीत नाही. ओकेन यांच्या डॉक्टरांजवळही ती असावी. तरीही आजारी माणसाला बहुधा सारे उमगलेले असते. भोवतालच्यांना त्रास नको, म्हणून तीही गप्प राहते. अशा वेळी आधार कोण कुणाला देत असते, हा लॉर्ड यांचा प्रश्न आपल्या घरांतही विचारावा लागेल.