अर्धा कोयता

आमच्या आजीच्या हातांवर उसाच्या पाचटाचे चरे शेवटपर्यंत होते. 1972च्या दुष्काळात तिनं सरकारी कामावर खडी फोडली, सुकडीवर पोरं जगवली. मग मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन आजोबांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जाऊ लागली. दसरा-दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातल्या तेलगाव परिसरातल्या कितीतरी घरांना कुलूप लागायचं.

नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मात्र नवऱ्याच्या नावावर. आजोबा ऊस तोडायचे. ती मोळ्या बांधायची, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. त्याआधी पहाटे कोपीत उठून भाकरी थापलेल्या असायच्या. माझी आई अशाच एका फडाच्या बांधावर झोळीत वाढली.

आजोबा गेल्यावर आजी हिशेबात अर्धा कोयता झाली. त्या अर्ध्या कोयत्यावर तिनं आईला दहावीपर्यंत शिकवलं. गावातल्या कुठल्याही पुढाऱ्याहून मला ती मोठी वाटते.

आज तेलगावलाच सोळंके सहकारी साखर कारखाना आहे, तरी बीडच्या टोळ्या बाहेर जातातच. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळही आहे. तिथं प्रत्येक तोडणाऱ्या बाईची नोंद तिच्या स्वतःच्या नावानं व्हावी, ही मागणी मी आजीच्या वतीनं करते.